चार नंबरची मेट्रो आणि पॅरिसची खरेदी

परदेशात जाऊन आलेल्या माणसाला होस्टेलवर दोनच प्रश्न विचारतात. एक, "जेवणाचे हाल झाले का रे?" आणि दोन, "काय काय आणलंस?" तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी दोन महिने पॅरिसला एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप केली. प्रयोगाबद्दल आजवर फक्त गाईड सरांनी विचारलं. खरेदीबद्दल मात्र अख्ख्या विंगने विचारलं, मेसच्या काकांनी विचारलं, आणि पुढच्या महिन्यात तिकडे कॉन्फरन्सला निघालेल्या मॅडमनीही लॅबमध्ये बाजूला घेऊन विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधीच सांगतो, हा लेख श्रीमंतांसाठी नाही. माझं तिकीट बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून केलं होतं. स्टायपेंडमधून खोलीभाडं आणि जेवण वजा जाता खरेदीला साधारण साडेतीनशे युरो उरणार होते. हिशेबाला सोपं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा. म्हणजे पस्तीस हजार. त्यात ताईच्या लग्नासाठी काहीतरी चांगलं, आईसाठी काहीतरी ("मला काही नको" असं आई म्हणाली होती, म्हणजे आणायलाच हवं होतं), स्वतःला बूट, आणि विंगमधल्या सोळा जणांची तोंडं. जगातल्या सगळ्यात फॅशनेबल शहरात पस्तीस हजारांत हे सगळं होतं का? होतं. पण शहराची थोडी माहिती हवी.

पॅरिसचे वीस विभाग आहेत, त्यांना आराँदिसमाँ म्हणतात. मध्यातून सुरू होऊन ते गोगलगायीच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेने बाहेर फिरत जातात. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा नंबर. ७५००६ म्हणजे सहावा. पत्त्यावरून दुकान कुठे असेल आणि साधारण किती महाग असेल, याचा अंदाज आठवड्याभरात यायला लागतो. पहिला, सहावा, सातवा, आठवा आला की खिशावर हात ठेवायचा.

दुसरी गोष्ट भाषेची. फ्रेंच येत नसेल तरी चालेल, पण दुकानात शिरताना "बोंझूर" म्हटलंच पाहिजे. आपल्याकडे दुकानदार आपल्याला "या साहेब" म्हणतो, तिकडे आपण आधी बोलायचं. न बोलता आत शिरून वस्तू हाताळणारा माणूस त्यांना उद्धट वाटतो, आणि मग पुढचं सगळं बिघडतं. लोक परत येऊन "फ्रेंच लोक फार माजोरडे" म्हणतात, त्यातल्या निम्म्यांनी बोंझूर म्हटलेलं नसतं असा माझा दाट संशय आहे. नुसतं बघायचं असेल तर "जे रगार्द" म्हणायचं, म्हणजे "बघतोय". मग तासभर बघा, कोणी मागे लागत नाही. निघताना "मेर्सी, ओ रव्हार". एवढ्या चार शब्दांवर मी दोन महिने काढले.

आता मुख्य मुद्दा. माझी खोली दक्षिणेला माँरूजमध्ये होती, आणि तिथून चार नंबरची मेट्रो शहर आडवं न कापता थेट उभं कापत उत्तरेला जाते. ही गाडी आपल्या लोकांनी मुद्दाम बघावी. तिला रबरी टायर आहेत, आणि २०२४ च्या सुरुवातीपासून ती पूर्णपणे ड्रायव्हरविना धावते. शंभर वर्षांहून जुना मार्ग, वाहतूक जवळजवळ चालू ठेवून स्वयंचलित केलाय. सगळ्यात पुढच्या डब्यात काचेपाशी उभं राहून बोगदा बघत जायला मिळतं. तिथे लहान मुलांशी माझी रोज स्पर्धा असायची. पण विषय खरेदीचा आहे. माझं म्हणणं असं, की विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये खरेदीसाठी ही एकच लाईन पकडावी. नव्वद टक्के काम तिच्यावरच होतं.

दक्षिणेकडून निघालं की पहिला थांबा सें-सुल्पीस. इथून चालत सात-आठ मिनिटांवर 'ल बों मार्शे' हे दुकान आहे. इथे विकत काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं. आज मॉलमध्ये आपण जे गृहीत धरतो, म्हणजे वस्तूवर लिहिलेली ठरलेली किंमत, आत फिरायला मोकळीक, न आवडल्यास माल परत, वर्षातून ठरावीक वेळी सेल, ते सगळं एकत्र आणून चालवून दाखवणाऱ्यांत या दुकानाचं नाव फार वर घेतात. आरिस्तिद बुसिको नावाचा माणूस १८५२ साली या दुकानात भागीदार झाला आणि त्याने धंद्याची रीतच बदलली. त्याआधी दुकानात शिरलं की काहीतरी घ्यावंच लागे, आणि भाव गिऱ्हाईकाचं तोंड बघून ठरे. पुढे धंदा वाढल्यावर जी इमारत बांधली, तिच्या लोखंडी सांगाड्याच्या कामात गुस्ताव आयफेल होता, टॉवर उभा राहण्याच्या बऱ्याच आधी. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, की लोखंडामुळे जाड भिंती गेल्या, मधले गाळे मोकळे झाले, वरून काचेतून उजेड आला, आणि माल दिसायला लागला. दिसायला लागला म्हणून खपायला लागला. एमिल झोलाची १८८३ ची 'ओ बॉनर दे दाम' ही कादंबरी अशाच दुकानावर आहे, आणि आजूबाजूची छोटी दुकानं कशी मेली त्यावरही आहे. शेजारीच त्यांचं खाण्याच्या वस्तूंचं दालन आहे. तिथली मोहरीची बाटली किंवा बिस्किटांचा छोटा डबा परवडतो, आणि पिशवी फार छान मिळते. मी ताईच्या सासूबाईंसाठी तिथूनच डबा घेतला. (पिशवीचाच उपयोग जास्त झाला असं ऐकतो.)

पुढचं स्टेशन सें-जेर्में-दे-प्रे. मुलींनो, इकडे लक्ष. रू द्यु फूर या रस्त्यावर 'सिटीफार्मा' नावाचं औषधाचं दुकान आहे. फ्रेंच औषधी क्रीम, सनस्क्रीन, साबण वगैरे पॅरिसमध्ये प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतात, पण इथे बरेच स्वस्त. गर्दी म्हणाल तर दसऱ्याच्या आदल्या दिवशीची मंडई. सकाळी दुकान उघडताना जायचं, यादी हातात ठेवायची, आणि दहा मिनिटांत बाहेर. विंगमधल्या सोळापैकी सहा तोंडं इथल्या लिप बामवर बंद झाली.

त्यानंतर सें-मिशेल. इथे मी सर्वाधिक वेळ घालवला. बुलव्हार सें-मिशेलवर 'जिबेर जोसेफ' हे पुस्तकांचं बहुमजली दुकान आहे. आपल्या अप्पा बळवंत चौकाचा मोठा, उंच आणि शिस्तीचा भाऊ समजा. गंमत अशी, की नवं आणि जुनं पुस्तक एकाच रॅकवर शेजारी-शेजारी ठेवतात, जुन्याला वेगळं स्टिकर. नव्या पुस्तकासाठी स्वस्त दुकान शोधत फिरू नका. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो, आणि दुकानदाराला जास्तीत जास्त पाच टक्के सूट देता येते. मोठी साखळी असो वा गल्लीतलं दुकान, भाव तोच. त्यामुळेच तिथे गल्लीतली पुस्तकाची दुकानं अजून टिकून आहेत, असं माझ्या गाईडने सांगितलं. पटण्यासारखं आहे. वाचायचं आपल्याला इंग्रजीच असतं म्हणा, पण गणिताला भाषा लागत नाही. मी नऊ युरोला फ्रेंचमधलं लिनियर अल्जेब्रा घेतलंय. समीकरणं समजतात.

पलीकडे सेनच्या काठावर कठड्याला जोडलेल्या हिरव्या पेट्या दिसतात. ते बुकिनिस्त, जुनी पुस्तकं विकणारे. शेकडो वर्षांची परंपरा आहे. २०२४ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी सुरक्षेच्या कारणावरून या पेट्या हलवायचं ठरलं होतं. एवढा गदारोळ झाला, की फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी बेत रद्द केला. आता बऱ्याच पेट्यांत चुंबक आणि किल्ल्यांच्या साखळ्याच दिसतात, पण जुनी छापील चित्रं आणि नकाशे अजून सापडतात. सपाट, हलकं, आणि फ्रेम केल्यावर भारी दिसणारं. ताईच्या नव्या घरासाठी मी इथून शहराचा एक जुना छापाचा नकाशा घेतला, पस्तीस युरो. सगळ्या खरेदीत मनापासून आवडलेली हीच एक वस्तू.

शातले आणि ले-आल ही जुळी स्टेशनं कपड्यांची. इथे पूर्वी लोखंडी मंडपांखाली शहराची घाऊक मंडई होती. ती १९७० च्या दशकात पाडली, आणि जमिनीखाली मॉल झाला. वरचं नवं छत २०१६ चं. मॉल म्हणून काही विशेष नाही. तेच ब्रँड पुण्या-मुंबईतही आहेत. पण इथून पूर्वेला चालत गेलं की मारे हा जुना भाग लागतो, आणि तिथे वापरलेल्या चांगल्या कपड्यांची दुकानं रांगेने आहेत. काही ठिकाणी कपडे चक्क वजनावर मिळतात! रंगाच्या टिकलीवरून किलोचा भाव, आणि दुकानात मधोमध तराजू. जुने कपडे विकत घेणं आपल्याकडे कमीपणाचं समजतात. तिकडे प्रयोगशाळेतले प्रोफेसरसुद्धा अभिमानाने सांगतात की हा कोट जुना घेतलाय. खरं सांगू? पॅरिसचे लोक टापटीप दिसतात ते महागड्या कपड्यांमुळे नाही. थोडेच कपडे असतात, अंगाला बरोबर बसणारे असतात आणि इस्त्रीचे असतात. त्यातलं तिसरं आपल्याला होस्टेलवरही जमण्यासारखं आहे.

इथे बुटांच्या मापाबद्दल जरा थांबतो, कारण मेकॅनिकलवाल्यांना आवडेल. आपण इंग्लिश माप वापरतो, त्याचं एकक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जुन्या काळचा जवाचा दाणा. युरोपचं एकक आहे 'पॅरिस पॉइंट', म्हणजे सेंटीमीटरचे दोन तृतीयांश. बुटाच्या आतल्या साच्याची लांबी २८ सेंमी असेल, तर युरोपियन माप २८ गुणिले दीड, म्हणजे ४२. तेच इंग्लिश मापात काढायचं तर लांबी इंचात घ्या (११.०२), तिनाने गुणा, पंचवीस वजा करा: आठ. म्हणून आपला आठ नंबर म्हणजे तिकडचा ४२. एक पॉइंट पावणेसात मिलिमीटरचा, आणि आपला एक नंबर साडेआठचा, त्यामुळे कोष्टकं नीट जुळत नाहीत. घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

बूट मी 'सोल्द'मध्ये घेतले, म्हणजे सेलमध्ये. पण हा आपला बारमाही सेल नव्हे. फ्रान्समध्ये माल खरेदीपेक्षा कमी भावात विकायला एरवी बंदी आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनच्या शेवटी, सरकारने ठरवलेल्या तारखांना ती बंदी उठते. २०२० पासून मुदत चार आठवड्यांची, त्याआधी सहाची होती. सुरुवात बुधवारी सकाळी. सेलचा माल निदान महिनाभर आधीपासून दुकानात असावा लागतो, आणि जुनी-नवी दोन्ही किंमती लिहाव्या लागतात. त्यामुळे "पाच हजाराचं हजारात" ही फसवणूक कमी. पहिल्या आठवड्यात भाव थोडा उतरतो, पुढे दुसरी कपात, मग शेवटची. थांबलं तर स्वस्त, पण तोवर आपलं माप संपतं. हे उघडउघड ऑप्टिमायझेशनचं गणित आहे. माझं निरीक्षण असं, की फार लहान किंवा फार मोठं माप असेल तर शेवटपर्यंत थांबावं. चारचौघांसारखे ४२ चे पाय असतील तर दुसऱ्या कपातीला उचलावं. नव्वदचे बूट मला चोपन्नला मिळाले.

गार द्यु नॉरला उतरलात की जेवणाचा प्रश्नही सुटतो. स्टेशनपासून ला शापेलपर्यंतचा रू द्यु फोबूर सें-देनी हा रस्ता म्हणजे छोटं जाफना. १९८० च्या दशकात श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी वसवलेला. कढीपत्ता, तूरडाळ, नारळ, स्टीलचे डबे, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळं मिळतं. पोहे मागाल तर समजणार नाही, 'अवल' म्हणा. जवळच गणपतीचं देऊळ आहे, आणि दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला रथातून मिरवणूक निघते, रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात. मी त्याआधीच परतलो, पण तयारीची पत्रकं बघून घशाशी आलं.

पुढचं बार्बेस स्टेशन. जुन्या गाईडबुकात इथल्या 'ताती' या गुलाबी चौकडीच्या स्वस्त दुकानाबद्दल पानंच्या पानं असतात. ते शोधत जाऊ नका, २०२१ साली बंद झालं. तसंच सें-मिशेलच्या चौकातलं 'जिबेर जन'ही त्याच वर्षी गेलं. बार्बेसला बुधवारी आणि शनिवारी सकाळी उन्नत मेट्रोच्या पुलाखाली भाजीबाजार मात्र जोरात भरतो. दुपारी उठायच्या वेळी भाव कोसळतात, आणि ओरडणं अगदी आपल्या बाजारासारखं.

शेवटचं स्टेशन पोर्त द क्लिन्याँकूर. इथून रिंगरोडच्या पुलाखालून गेलं की सें-तुआंचा जुना बाजार. शनिवार, रविवार, सोमवार. ज्या पिसवांच्या नावावरून जगभर 'फ्ली मार्केट' हा शब्द झाला, ते हेच घराणं. आपला जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार मनात धरून गेलात तर दचकाल. आतल्या गल्ल्यांत राजवाड्यातली झुंबरं आणि लाखोंच्या खुर्च्या. बघायला सुंदर, घ्यायला नाही. खरोखर स्वस्त हवं तर दक्षिणेकडचा वांवचा बाजार, शनिवार-रविवार सकाळी, तेरा नंबरच्या मेट्रोवर. तिथे थोडी घासाघीसही चालते. मी पाच युरोत पितळी कॅलिपर घेतलं, वर्कशॉपच्या सरांना दिलं. त्यांनी लगेच झीरो एरर तपासली.

क्लिन्याँकूरच्या वाटेवर काही पोरं हातात पट्टे आणि बॅगा धरून उभी असतात, मोठ्या ब्रँडच्या. इथे कळकळीने सांगतो: हात लावू नका. फ्रान्समध्ये नकली माल विकणंच नव्हे, तर तो जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. कस्टमवाले माल जप्त करतात, दंड लावतात, आणि कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणजे फॅशन स्ट्रीटवर घेतलेली 'फर्स्ट कॉपी' बॅग खांद्याला लावून पॅरिसला उतरू नये. परक्या देशात, विद्यार्थी व्हिसावर, सातशे रुपयांच्या बॅगेसाठी? लुई व्हितोंचं ते प्रसिद्ध अक्षर-फुलांचं कापड १८९६ साली काढलं, त्यामागे नकलाकारांना चकवणं हा एक हेतू होता. आज तेच जगात सर्वाधिक नकलल्या जाणाऱ्या नक्षींपैकी एक आहे.

आता अस्सल महागड्या पॅरिसबद्दल दोन शब्द, नाहीतर "मग तू तिकडे गेलासच कशाला" असं म्हणाल. आव्हेन्यू माँतेन, फोबूर सें-तोनोरे, प्लास वाँदोम. तिथले दरवान, काचा, शांतता. एका दुकानाच्या दारातल्या दरवानाने माझ्या पाठीवरच्या सॅककडे असं पाहिलं की मी पुढेच निघालो. पण आपल्या मराठी राजांना या गल्ल्या परक्या नव्हत्या. बडोद्याच्या गायकवाडांसाठी लुई व्हितोंने १९२६ साली चहाच्या सामानाची पेटी बनवली होती. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात माणिकबाग राजवाड्यासाठी पॅरिसच्या सर्वोत्तम कारागिरांकडून फर्निचर आणि चांदीची भांडी घेतली. त्यावर २०१९ साली पॅरिसच्या सजावट कलेच्या संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं होतं.

आणि आज? 'ओत कुत्युर' हे नाव फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याने राखीव आहे, पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा असल्याशिवाय ते लावता येत नाही. पण त्या झग्यांवरचं पुष्कळसं भरतकाम मुंबईत होतं. ३० मार्च २०२३ ला दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तो मुंबईतल्या चाणक्य या भरतकाम कार्यशाळेबरोबरच्या कामामुळेच. माँतेनवर काचेपलीकडचा झगा बघताना मला राहून राहून वाटत होतं, याचे टाके कदाचित भायखळ्याच्या लोकलने येणाऱ्या कोणीतरी घातले असतील. त्याला या काचेपर्यंत यायला मिळालं असेल का?

फुकट पॅरिस बघायचं तर ओस्मान बुलव्हारवर 'गॅलरी लाफायेत'ला जा. १९१२ चा ४३ मीटर उंचीचा रंगीत काचेचा घुमट, आणि वर गच्चीत जायला पैसे नाहीत. समोर ऑपेरा, दूर आयफेल टॉवर. कॉन्फरन्सला गेलेल्या स्टाफकडे एकच संध्याकाळ असेल तर हेच करावं. रविवारी बाकी बरंच शहर बंद असतं, पण २०१५ च्या कायद्यानंतर हा भाग आणि मारे रविवारीही उघडे असतात.

शेवटी कर परतीचं. युरोपियन युनियनबाहेर राहणारे, वय सोळा किंवा जास्त, आणि मुक्काम सहा महिन्यांच्या आतला असेल, तर एका दुकानात शंभर युरोच्या वरच्या खरेदीवरचा कर परत मिळतो. वर्षभरासाठी शिकायला जाणाऱ्यांना हे लागू नाही. कर वीस टक्के, म्हणजे छापील किमतीच्या १६.६७ टक्के, पण मध्यस्थांची फी जाऊन हातात साधारण बाराच पडतात. दुकानात पासपोर्ट दाखवून 'देताक्स'चा फॉर्म घ्यायचा, आणि विमानतळावर 'पाब्लो' नावाच्या मशीनवर त्याचा बारकोड दाखवायचा. हे काम बॅग चेक-इन करण्याआधी करा. हिरवा शेरा आला तर प्रश्नच नाही, पण लाल आला तर खिडकीतला अधिकारी वस्तू दाखवा म्हणतो, आणि तोवर तुमचे बूट बेल्टवरून विमानाकडे निघालेले असतात.